फोन तुमचा, पण आत तुमचा नंबर कितवा?

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाकून उघडलं की समोर काळा पडदा येतो, त्यावर डॉलरचं चिन्ह आणि लुकलुकणारा कर्सर. चित्रं नाहीत. तिथे ‘आयडी’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. उत्तरात एक आकडा येईल, १०२३४ असा काहीतरी. फोनच्या लेखी तुम्ही म्हणजे एवढंच. पैसे तुम्ही मोजलेत, हप्ते तुम्हीच भरताय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

हा आकडा लिनक्सचा, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी जो कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, लिहायला घेतला, तोच आज मालवणच्या बाजारात माशांचा भाव करणाऱ्याच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या तळाशी आहे. साध्या जिओफोनमधल्या कायओएस या प्रणालीच्या तळाशीही तोच. वापरकर्त्यांना नंबर देण्याची रीत लिनक्सने युनिक्स या त्याआधीच्या प्रणालीकडून घेतली. युनिक्सच्या काळात एकच यंत्र अनेक माणसं वाटून वापरत. त्यामुळे प्रत्येक माणसाला नंबर, प्रत्येक फाइलला मालक, आणि कुणी काय वाचावं, काय खोडावं याची परवानगी लिहून ठेवलेली.

आता फोन वापरणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. मग हा खटाटोप कशाला? अँड्रॉइड घडवणाऱ्यांनी इथे मोठी हुशारी केली: माणसांच्या जागी अ‍ॅप्स बसवली. अ‍ॅप इन्स्टॉल होतानाच त्याला १०,००० किंवा त्याच्या पुढचा एक नंबर मिळतो. कोकणातल्या सामायिक घरात चार भावांच्या चार खोल्यांना ज्याचं त्याचं कुलूप असतं आणि ओटी नि विहीर तेवढी सगळ्यांची, तसा हा कारभार. टॉर्चच्या अ‍ॅपला बँकेच्या अ‍ॅपची खोली उघडता येत नाही ती या कुलपामुळे. टर्मक्ससुद्धा एक अ‍ॅपच, त्यामुळे त्यातून तुम्ही कितीही आज्ञा सोडल्यात तरी अधिकार एका अ‍ॅपएवढेच.

याहून थोडी वरची जागा केबलने मिळते. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं, फोन लॅपटॉपला जोडायचा आणि एडीबी या डेव्हलपरच्या साधनाने फोनचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर उघडायचा. इथे ‘आयडी’ विचारलं की २००० हा नंबर येतो. या नंबराला अ‍ॅप्सची यादी पाहता येते, यंत्रणेच्या नोंदी वाचता येतात, बॅटरीची चौकशी करता येते. काम झालं की डिबगिंग बंद करून ठेवावं हे बरं.

सगळ्यांच्या वर शून्य नंबर, रूट. त्याला कुणीही अडवत नाही, निदान जुन्या युनिक्समध्ये तरी नाही. आजच्या अँड्रॉइडमध्ये एसईलिनक्स नावाचा आणखी एक पहारा आहे, तो रूटच्या नावाने चालणाऱ्या प्रक्रियांनाही हद्द आखून देतो. त्याचा पूर्ण अंमल अँड्रॉइड ५ पासून सुरू झाला.

पहिल्या अँड्रॉइड फोनवर मात्र हे शून्यपद अक्षरशः रस्त्यात पडलेलं होतं. एचटीसीने बनवलेला जी-१ अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. पडदा सरकवला की खालून कीबोर्ड निघायचा. महिनाभरातच लोकांना भलतंच काही दिसलं: मेसेज लिहिताना कुणी नव्या ओळीवर ‘रीबूट’ शब्द टाइप करून एंटर दाबलं, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा! झालं होतं असं, की फोन सुरू होताना पडद्याआड एक शेल उघडला जात होता, तोही रूटच्या अधिकाराने, आणि कीबोर्डवरचं प्रत्येक अक्षर त्यालाही ऐकू जात होतं. तुम्ही मैत्रिणीला काहीही लिहा, तो ते आज्ञा समजून पाळायला जायचा. बहुतेक वाक्यं त्याला कळायची नाहीत, म्हणून निभावलं. हौशी मंडळींनी ‘टेलनेटडी’ टाइप करून बाहेरून आत शिरायचा दरवाजाच उघडून घेतला. दुरुस्ती लगेच आली, पण फोन ‘रूट’ करण्याचा नाद तोवर लागला होता.

आज्ञा देण्यासाठी अशी चोरवाट शोधावी लागायलाच हवी होती असं नाही. नोकियाच्या २००९ च्या एन-९०० या लिनक्सवरच्याच फोनमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा पडदा, मेन्यूतच ठेवलेलं होतं. ते अँड्रॉइडने उचललं नाही. आज रूट हवा तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, त्याचं कुलूप उघडावं लागतं. तसं करताना फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो, म्हणजे चोरालाही तुमचे फोटो मिळू नयेत. नंतर बँकांची बरीच अ‍ॅप्स चालायला नकार देतात. रोजच्या फोनवर हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मार्च २०२५ पासून गूगलच्या पिक्सेल फोनवर डेबियन लिनक्सचं टर्मिनल मिळू लागलं, तिथे शून्य नंबर खुशाल घेता येतो. मात्र ते फोनच्या आत चालणारं वेगळं आभासी यंत्र, खऱ्या फोनला त्याने धक्का लागत नाही.

रूटशिवायही बरंच जमतं, आणि आपल्याकडे त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात. दापोली-गुहागर पट्ट्यात जूनचा पहिला वारा सुटला की लाइट जाते. राउटर बंद, डेस्कटॉप बंद. फडताळात पडलेला काच फुटलेला जुना फोन मात्र स्वतःची बॅटरी आणि सिमकार्ड बाळगून असतो. त्यावर टर्मक्समध्ये एसएसएच, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षितपणे आत येऊ देणारा, सर्व्हर चालवला की घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्यात शिरता येतं, लाइट असताना वायफायवर, नसताना हॉटस्पॉटवर. एसएसएचचं नेहमीचं दार, म्हणजे पोर्ट, २२ नंबरचं, टर्मक्सचं ८०२२. कारण परत तेच: १०२४ च्या खालची दारं उघडायचा हक्क फक्त रूटला. शिवाय अँड्रॉइड बॅटरी वाचवायला मागचं काम झोपवतं, म्हणून टर्मक्सचा वेक-लॉक, म्हणजे फोनला जागं ठेवायची सोय, लावून ठेवावा लागतो.

असा फोन सतत चार्जिंगला ठेवायचा तर बॅटरीवर नजर हवी. एडीबी शेलमध्ये ‘डम्पसिस बॅटरी’ म्हटलं की आकडे येतात: व्होल्टेज ४१२० मिलिव्होल्ट, म्हणजे ४.१२ व्होल्ट, तापमान ३८४, म्हणजे ३८.४ अंश, कारण मोजणी अंशाच्या दहाव्या भागात असते. मे महिन्यात कौलांखालच्या फळीवर असा आकडा सहज दिसतो. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज या दोन्ही गोष्टी लिथियम बॅटरीचं आयुष्य खातात. चार्जरला टायमर लावून फोन साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये खेळता ठेवावा, आणि मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली असं समजून तो फोन तिथल्या तिथे चार्जिंगवरून काढावा.