टॅप आणि लाँग प्रेस: ‘हळू दाबा’ म्हणण्याआधी

ज्येष्ठांसाठी ॲप करायचे म्हटले की बटणे मोठी करा, अक्षरे ठळक करा, हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही. अँड्रॉइडचे ४८ डीपी आणि ॲपलचे ४४ पॉइंट (ही पडद्यावरच्या लांबीची एकके) ही बटणाची किमान मापे पाळली, तर नेम चुकणे नक्कीच कमी होते. मात्र नेम अचूक लागूनही जेव्हा भलतेच घडते, तेव्हा बहुधा टॅप (बोट टेकवून उचलणे) आणि लाँग प्रेस (बोट टेकवून धरून ठेवणे) यांची गल्लत झालेली असते आणि खापर फुटते ते ‘जोरात दाबण्या’वर.

टॅप सर्वांना ठाऊक आहे. लाँग प्रेस म्हणजे जोर लावून केलेला टॅप, ही समजूत मात्र ॲप करणाऱ्यांतही आढळते आणि तिचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. आजच्या फोनचा कपॅसिटिव्ह पडदा दाब मोजत नाही. बोट टेकल्याने तिथल्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल टिपतो. बोट कुठे टेकले, किती सरकले आणि कधी उचलले गेले, यावरूनच फोन सगळे ठरवतो. बोट जागेवर साधारण अर्धा सेकंद राहिले की टॅपचा लाँग प्रेस होतो, मग ते पिसासारखे का टेकलेले असेना. (दाब खरोखर मोजणारा थ्रीडी टच ॲपलने २०१५ मध्ये आणला होता, २०१९ च्या आयफोनांत तो काढून तिथेही वेळच मोजला जाऊ लागला.)

माझ्या आईचे बोट दारावरची बेल, मिक्सर आणि लँडलाइनची बटणे यांवर घडलेले आहे. बटण आत गेल्याचे जाणवल्याशिवाय ते उठत नाही. काचेवर काहीच आत जात नाही, म्हणून ते वाट पाहत थांबते आणि तेवढ्यात अर्धा सेकंद उलटतो. गप्पांच्या यादीतले नाव उघडण्याऐवजी निवडले जाते, वर कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह उमटते आणि ती घाबरते. मग आम्ही सांगतो, “आई, हळू दाब.” आता ‘हळू’ म्हणजे अलगदही आणि सावकाशही. आम्हाला अभिप्रेत असते पहिले; ती करते दुसरे. बोट आणखी रेंगाळते, चूक पक्की होते आणि ‘मला हे जमायचे नाही’ हा निष्कर्षही. “टेकव आणि लगेच उचल” असे म्हटले, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला निम्मा ॲप करणाऱ्यांचा आहे. साध्या बटणाला लाँग प्रेस जोडलेलाच नसेल, तर ते कितीही वेळ धरले तरी बोट उचलताच टॅप म्हणूनच काम करते. म्हणजे सावकाश बोटाला ते मुळात अनुकूलच असते. ‘जादा सोय’ म्हणून त्याच बटणावर लाँग प्रेस बसवला की त्या सोयीची किंमत सावकाश बोट मोजते. असा छुपा मेनू काढून त्याच्या जागी नाव लिहिलेले, डोळ्यांना दिसणारे बटण द्यावे, असे माझे ठाम मत आहे, आणि काहीही पुसून टाकणारी क्रिया तर लाँग प्रेसवर अजिबात ठेवू नये.

बोट थरथरल्याने टॅपचे स्क्रोल होणे ही निराळी अडचण आहे. तिचा संबंध वेळेशी नसून सरकण्याशी आहे. डबल टॅपविषयी एवढेच, की तो शक्य तिथे टाळावा.

बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीखाली ‘टच अँड होल्ड डिले’, म्हणजे लाँग प्रेस ठरायला लागणारा अवधी, वाढवता येतो. आयफोनमध्ये तो ॲक्सेसिबिलिटीतल्या ‘हॅप्टिक टच’खाली वाढवता येतो. आईच्या फोनवर मी हा अवधी सर्वांत लांब ठेवला आहे. होम स्क्रीनवरची चिन्हे आता जागा सोडत नाहीत. फोटो निवडताना मात्र तिला बोट बराच वेळ धरून ठेवावे लागते, आणि त्याबद्दल ती मला अधूनमधून ऐकवते.