नाखुश वाटाड्या: खानदेशातल्या एका काळप्रवासाची पार्श्वभूमी

काळप्रवासाच्या गोष्टीत यंत्र बदलतं, शतक बदलतं, पण दोन माणसं बदलत नाहीत. एकाला कुठेही जायचं नव्हतं आणि तो गेला. दुसऱ्याला वाट ठाऊक आहे, पण कुणाला न्यायचं नाही. चाळीसगावकडच्या एका हौशी नाट्यमंडळाने यंदा बसवायला घेतलेल्या एकांकिकेत हीच जोडी आहे. धुळ्याकडे निघालेली एसटी कन्नडचा घाट उतरताना धुक्यात शिरते आणि बंद पडते. प्रवासी खाली उतरतात तर पायाखाली डांबर नाही. सरकीचा एक व्यापारी, मराठी शाळेतल्या बाई, बाळंतपणाला माहेरी निघालेली पोर, तिची आई आणि तिकिटांचा हिशोब जुळत नाही म्हणून वैतागलेला कंडक्टर. वळणावर दगडावर एक माणूस बसलाय. तो म्हणतो, "माले नही जानं. मी आठेच बठस." म्हणजे मला जायचं नाही, मी इथेच बसतो. पुढचं सगळं नाटक त्याला उठवण्यात जातं.

तालमीत वाद झाला तो या माणसाला म्हणायचं काय, यावर. संहितेत आधी 'मार्गदर्शक' होतं. ते एमपीएससीच्या पुस्तकासारखं वाटतं म्हणून खोडून 'वाटाड्या' केलं. मग कुणीतरी 'भगत' सुचवलं, म्हणजे अंगात येणं, धुपाचा धूर, संबळ वगैरे आयतंच मिळेल. शेवटी पुन्हा 'वाटाड्या'. वाद एका शब्दाचा होता खरा, पण त्या शब्दाला या भागात दोनशे वर्षांची वहिवाट आहे.

पुराणातले दाखले सगळ्यांच्या कानावरचे आहेत, त्यात फार वेळ घालवत नाही. रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेलेला ककुद्मी राजा गाणं संपायची वाट बघत थांबला, तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. गुहेत झोपलेला मुचकुंद बाहेर आला तेव्हा माणसं आणि झाडं खुजी झालेली होती. दोघांनाही वाटाड्या नव्हता. आपल्याकडे चांगदेवाची कथा त्यांच्यापेक्षा जवळची. तापी-पूर्णेच्या संगमावर काळाला चौदाशे वर्षं चुकवत बसलेला हा योगी आळंदीला कोरं पत्र पाठवतो आणि एवढ्या वयाचा माणूस शेवटी मुक्ताईला, एका लहान मुलीला, गुरू करतो. वाट दाखवणारा वयाने धाकटा असू शकतो, ही गोष्ट या कथेने फार आधी सांगून ठेवली आहे. (चांगदेव नाव आलं की गल्लत होते, म्हणून सांगतो: चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखातला चांगदेव वेगळा. तो भास्कराचार्यांचा नातू, यादवांच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने काढलेल्या मठाचा हा लेख १२०७ चा आहे. लेख संस्कृतात असला तरी शेवटी बाजारातल्या करांतून मठाला काय द्यायचं, हे त्या वेळच्या मराठीत कोरलंय. म्हणजे आपली एसटी थेट तेराव्या शतकात पोचली, तरी व्यापाऱ्याला निदान कराचं बोलणं अर्धंमुर्धं समजेल.)

खरी गोष्ट सुरू होते १८१८ ला. पेशवाई संपून इंग्रजांच्या हाती आलेला खानदेश ओसाड होता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा फिरून गेलेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. गावं उठली, कसदार जमिनीवर रान माजलं. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरातले घाट भिल्ल नाईकांच्या, म्हणजे भिल्लांच्या म्होरक्यांच्या ताब्यात होते. पहिल्या कलेक्टरने आधी फौज पाठवली, रसद तोडली. तेवढ्याने भागेना तेव्हा नाईकांना पेन्शनी बांधून त्याच घाटांच्या राखणीवर नेमलं. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली, तिचं ठाणं धरणगावला. ती उभी करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचं नाव कन्नडच्या घाटाला चिकटलं ते आजही सुटलेलं नाही, औट्रम घाट. एकांकिकेतली एसटी नेमकी त्याच घाटात बंद पडते. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं की योगायोगाने झालं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

आता शब्दाकडे. वाट मारणारा तो वाटमाऱ्या, वाट दाखवणारा तो वाटाड्या. त्या दहा-पंधरा वर्षांत घाटात हे दोन शब्द एकाच माणसाला लागू होते. काल ज्याच्या नावावर वाटमारीचा गुन्हा, आज त्याच्याच भरवशावर व्यापाऱ्याचे बैल घाट उतरणार. सरकारी कागदाने त्याला सुधारलेला म्हटलं. डोंगरातल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तो आधीही घाटच राखत होता. वाटसरूंकडून घ्यायचा हक्काचा पैसा तेवढा बंद होऊन त्याजागी पगार आला होता. हा बदल सगळ्यांनी आनंदाने मानला असं समजायचं कारण नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा एक नाईक १८५७ मध्ये सरकारच्याच विरोधात उठला आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. वाट दाखवायची कुणाला आणि अडवायची कुणाची, हा निर्णय आपला राहिला नाही, ही त्याची एक तक्रार असणार. हे माझं अनुमान, पण मी त्यावर ठाम आहे.

भाषेनेही हा गुंता जपून ठेवलाय. 'वाटेला लावणं' म्हणजे मार्गस्थ करणं, 'वाट लावणं' म्हणजे वाटोळं करणं. 'वाट पाहणं' म्हणजे तर चक्क वेळ काढणं. मराठीत रस्ता आणि वेळ इतके एकमेकांत मिसळलेत की काळातल्या प्रवासाला वाटाड्या लागणारच. 'परवा' हा शब्द तर मागचाही आणि पुढचाही. बाई विचारतात, "आपण कधीच्या काळात आहोत?" दगडावरचा माणूस म्हणतो, "परवाच्या." या वाक्याला तालमीत दर वेळी हशा येतो, आणि तो यावाच.

घाट सोडून सपाटीवर आलं की वाटाड्या वेगळा होतो. गावोगाव हे काम वतनाला, म्हणजे पिढीजात हक्काला आणि चाकरीला बांधलेलं होतं. खानदेशात जागल्या, म्हणजे गावाचा राखणदार, बहुधा भिल्ल. वेसकर (वेशीची राखण) आणि तराळ (गावची हरकामं) ही कामं महार वतनदाराकडे. साहेबाचा तळ पडला की त्याचं सामान उचलायचं आणि पुढच्या गावाची वाट दाखवायची. पेरणी असो, घरात मयत असो, हाक आली की उठायचं. याला वेठ म्हणत, बिगार म्हणत. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, चालणाऱ्याने मागितलेली वाट दाखवणाऱ्याने ठरवलेली नसे. दुसरी, त्याची जबाबदारी शिवेपर्यंत. गावाची शिव आली की पाहुणा आणि गाठोडं पुढच्या गावाच्या माणसाच्या हवाली करून तो परत फिरे. चोराचा मागही असाच चाले. माग तुमच्या शिवेत शिरला तर तो पलीकडे काढून द्या, नाहीतर भरपाई तुमच्यावर. ज्या गावात माग संपला, त्या गावावर संशय.

म्हणून या भागातल्या वाटाड्याचं नाखुश असणं हा स्वभावाचा तिरसटपणा नाही. त्याला कुणी विचारलेलंच नसतं. मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक १९२८ मध्ये आलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. मधली तीस वर्षं माणसं नाखुशीने उठत राहिली. गावाकडची म्हातारी माणसं आजही कुणाला नको ते काम करायला लावलं की 'वेठीला धरलं' म्हणतात.

आपल्या लोकांना या जोडीची ओळख मात्र दुसरीकडून झाली. लंडनमध्ये १८९५ साली छापलेल्या 'द टाइम मशीन' या कादंबरीत यंत्र होतं, पण प्रवासी एकटा आणि हौसेने निघालेला. ओढून नेलेली साधी माणसं आणि कुरकुरणारा वाटाड्या हा साचा पक्का झाला तो १९६३ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेत. एक इतिहासाची शिक्षिका, एक विज्ञानाचा शिक्षक, आपल्या विद्यार्थिनीचा पत्ता शोधत भंगारवाड्यात जातात आणि पोलिसांच्या टेलिफोनच्या खोक्यात शिरतात. आतला म्हातारा त्यांना न्यायलाही तयार नाही आणि बाहेर सोडायलाही. वर त्याला ते यंत्र नीट हाकताही येत नाही! मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचं म्हणून दोन शिक्षक घेतले होते. आमच्या एकांकिकेतल्या बाई तिथूनच आल्या असाव्यात, लिहिणारा नाकारत असला तरी.

मराठीत विज्ञानकथा जोरात आली ती सत्तरच्या दशकात. एका स्पर्धेला १९७४ मध्ये टोपणनावाने आलेल्या जयंत नारळीकरांच्या कथेपासून तिला वजन आलं, हे वाचकांना माहीत आहेच. त्याच लेखकाच्या दुसऱ्या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक ट्रकच्या धडकेने पानिपतचा निकाल उलटलेल्या जगात पोचतात. ही कथा कितीही आवडली तरी तिथे वाटाड्या नाही. समजावून सांगणारा मित्र भेटतो तो परत आल्यावर. मराठी काळप्रवासात प्रवासी बहुधा सुशिक्षित, एकटा, आणि प्रश्न डोक्यातला. सामान कुणी उचलायचं, हा प्रश्नच येत नाही. एसटीत तो पहिल्या मिनिटाला येतो.

आता एकांकिकेतल्या दुसऱ्या भांडणाबद्दल. हे नावाचं. प्रवासी प्रत्येक थांब्यावर विचारतात, "हे कुठलं?" आणि वाटाड्या वर्ष सांगत नाही, मुलखाचं नाव सांगतो. सेउणदेश म्हणाला तर यादवांचा काळ. खानदेश म्हणाला तर फारुकी सुलतानांचा. मुळात कान्हदेश की खानांचा देश, हा वाद त्याने टाळलाय, मीही टाळतो. १६०१ मध्ये असीरगड पडून फारुकी संपले आणि अकबराने मुलाच्या, दानियालच्या नावाने मुलखाला दानदेश केलं. ते नाव कागदावरच राहिलं, लोकांनी उचललं नाही. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर तर आता दुसऱ्याच राज्यात. "खानदेश कुठे आला?" या प्रश्नाला सरकारी नकाशात आज उत्तर नाही, लग्नपत्रिकेत मात्र हमखास आहे.

१९०६ वर लिहिणाऱ्याने एक अख्खा प्रवेश खर्च केलाय आणि तो मला सगळ्यात आवडतो. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. जळगावच्या सूर्याच्या हिशोबाने ती सुमारे १९ मिनिटं पुढे. मुंबईचं घड्याळ आणखी वेगळं. एकाच फलाटावर सावली एक सांगते, स्टेशनचं घड्याळ दुसरं. कंडक्टरला इथे पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटतं, कारण वेळेच्या घोळाचा दोष पहिल्यांदाच त्याच्यावर येत नाही.

आणि भाषा. वाटाड्या अहिराणीत, खानदेशच्या बोलीत बोलतो हे ठरलं, पण त्यातून शीर्षकाचीच पंचाईत झाली. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया. मग काळाचा काय, आणि 'काळप्रवास' झाला 'कायप्रवास'. वाटाड्याने तो शब्द उच्चारला की प्रवाशांना वाटतं तो 'काय?' विचारतोय. एकांकिका स्पर्धेच्या पुण्याच्या परीक्षकांना हे कळेल का, अशी शंका एकाने काढली. माझं मत, नाही कळलं तरी चालेल, धुळ्याच्या माणसाला कळलं म्हणजे झालं.

राहिला शेवटचा तिढा. वाटाड्याची जबाबदारी शिवेपर्यंत असेल, तर एकच माणूस प्रवाशांना यादवांपासून आजपर्यंत कसा आणेल? काळाची शिव आली की त्याने गाठोडं पुढच्याच्या हवाली करून परत फिरायला हवं, आणि पुढच्यानेही तितक्याच नाखुशीने उठायला हवं. मी हे दिग्दर्शकाला सांगितलं. त्याला पटलंही. पण तसं केलं तर पाच वाटाडे लागतात आणि मंडळात व्यापारी आणि कंडक्टर सोडून पुरुष नट उरतात तीन. सध्या तीनच शिवा ठेवल्यात. दानदेश गाळलाय.