लग्न झालंय, आता एचपीव्हीची लस घेऊन उपयोग आहे का?

एचपीव्ही म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा आणि पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू. नाशिकमध्ये त्याच्या लसीचा विषय निघाला की एक प्रश्न चारचौघांत कुणी विचारत नाही. तो नंतर जिन्यात, हळू आवाजात येतो: "माझं लग्न झालंय, आता लस घेऊन काय उपयोग?" लग्नाआधी संबंध आलेल्या मुलीला तर तेवढंही विचारवत नाही. डॉक्टर काय म्हणतील या धास्तीने ती लसच टाळते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण उत्तर चारित्र्यात नाही, विषाणूच्या वागण्यात आहे.

निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार हे चटकन ओळखेल. आभाळ आलं की पानांवर डावणी रोग पडण्याआधीच तो प्रतिबंधक फवारणी उरकतो. रोग शिरलेलं पान त्या फवारणीने बरं होत नाही, पण बाकीची पानं वाचतात. लसीचंही असंच आहे. तिच्यात विषाणूचं नुसतं प्रथिनांचं कवच असतं, आतलं जनुकीय द्रव्य नसतं. त्या कवचावरून शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि ती विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवतात. आत गेलेल्याला मात्र ती बाहेर काढत नाहीत. म्हणून संबंध सुरू होण्याआधीचं, ९ ते १४ हे वय सर्वांत चांगलं.

पण एचपीव्ही एक नाही, त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये १६ आणि १८ हे प्रकार सापडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. संबंध आलेल्या स्त्रीला हे चारही आधीच लागलेले असणं क्वचितच घडतं. एखादा लागला असेल, तरी उरलेल्यांपासून संरक्षण मिळतं. त्यासाठी आधी एचपीव्हीची तपासणी करावी लागत नाही.

आणि लागण म्हणजे बाहेरख्यालीपणाचा पुरावा नव्हे. आयुष्यात एकच जोडीदार असला तरी ती होऊ शकते. हा विषाणू जननेंद्रियांभोवतीच्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरतो, त्यामुळे निरोधने धोका कमी होतो, संपत नाही. बहुतेक लागणी दोनेक वर्षांत आपसूक जातात, काही वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. त्यामुळे तपासणीत एचपीव्ही निघाला तरी तो कधी आला, कुणाकडून आला हे सांगता येत नाही. त्यावरून नवरा-बायकोत संशय शिरला, तर तो निव्वळ अज्ञानापोटी.

लस घेतली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नका. लस देण्यापूर्वी डॉक्टरांना तुमचं वय, दिवस गेले आहेत का, कसली ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार आहे का, एवढं कळलं तरी पुरतं. किती जणांशी संबंध आले, हे त्यासाठी सांगावं लागत नाही.