पुण्याचे ऊन आणि गच्चीवरची वीज

पुण्यात मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असते, तेव्हा गच्चीवरचे सौर पॅनेलही त्याच महिन्यात सर्वाधिक वीज देत असतील, असा समज सर्रास आढळतो. वर्षभरातील मीटरच्या नोंदी महिन्यागणिक मांडून पाहिल्या, तर दक्षिणेकडे कलते बसवलेल्या पॅनेलच्या बाबतीत पहिला क्रमांक बहुधा मार्चचा लागतो. याचे मुख्य कारण असे, की उन्हातील प्रकाश आणि उन्हातील उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेल वीज बनवते ती प्रकाशापासून, आणि उष्णता त्या कामात अडथळाच आणते.

आधी प्रकाशाचे पाहू. पुण्यात सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ५.४ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, एवढी सौर ऊर्जा पडते. एप्रिल-मेमध्ये हा आकडा सातच्या जवळ जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास उतरतो. छतांवर सौर पॅनेल बसवण्यात अनेक वर्षे आघाडीवर राहिलेल्या जर्मनीची वार्षिक सरासरी जेमतेम तीन आहे, हे लक्षात घेतले तर आपला पावसाळाही फारसा दरिद्री वाटत नाही. असे आकडे सांगता येतात, यामागे मोजमापाची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या हवामान खात्यात काम करणाऱ्या अण्णा मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या, म्हणजे पृथ्वीच्या अभ्यासासाठी अनेक देशांनी मिळून राबवलेल्या उपक्रमाच्या, निमित्ताने देशात सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले, आणि पुढे त्या नोंदी संकलित करून अभ्यासकांना उपलब्ध करून दिल्या.

पॅनेलवर लिहिलेली क्षमता मात्र प्रयोगशाळेतील असते. दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि पॅनेलमधील घटांचे, म्हणजे वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्यांचे (सेल), तापमान २५ अंश सेल्सिअस, अशा ठरावीक स्थितीत मिळणारी ती वीज होय. पुण्याच्या गच्चीवर भर दुपारी घट २५ अंशांवर राहतील, हे संभवतच नाही. हवेचे तापमान ३८ अंश असताना उन्हात तापलेल्या पॅनेलमधील घट ६५ अंशांपर्यंत सहज पोहोचतात. सिलिकॉन तापले, की घटाचा विद्युतदाब घटतो, आणि प्रचलित पॅनेलमध्ये दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के शक्ती कमी होते. चाळीस अंशांच्या फरकाला हा हिशेब लावला, तर मेच्या दुपारी १४ टक्के वीज केवळ उष्णतेपोटी जाते. म्हणूनच पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर बसवणे, हा दिखाव्याचा नव्हे तर उत्पादनाचा प्रश्न आहे. मेमध्ये दुपारनंतर दाटून येणारे वळवाचे ढगही प्रकाश अडवतात. मार्चचे आकाश सहसा निरभ्र असते.

दुसरे कारण भूमितीचे आहे. पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर असल्यामुळे पॅनेल साधारण तेवढ्याच अंशांनी दक्षिणेकडे कलते ठेवण्याची पद्धत आहे. अशा पॅनेलवर २१ मार्चच्या सुमारास मध्यान्हीचे किरण अगदी काटकोनात पडतात. मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते आणि लोक शून्य सावलीचा दिवस साजरा करतात. पण कलत्या पॅनेलला त्या मध्यान्ही तिरपे किरण मिळाल्यामुळे सुमारे पाच टक्के प्रकाश कमी पडतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे पॅनेलच्या पाठीमागच्या बाजूला. कलाचा खरा फायदा दिसतो तो डिसेंबरमध्ये. तेव्हा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो, आणि सपाट ठेवलेल्या पॅनेलला थेट किरणांचा ७४ टक्केच लाभ मिळतो, तर कलत्या पॅनेलला ९२ टक्के मिळतो.

सावलीचे नुकसान मात्र सावलीच्या आकारावरून ओळखता येत नाही. पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे पाटाच्या पाण्याला एका ठिकाणी अडथळा आला की पुढचे सगळे शेत जसे तहानलेले राहते, तसा एका घटावरच्या सावलीचा फटका पूर्ण साखळीला बसतो. नुकसान आवरण्यासाठी पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या घटांना वळसा घालून विजेला वाट देणारे भाग, असतात. तरीही पाण्याच्या टाकीची हात-दीड हात सावली एका पॅनेलची एक तृतीयांश वीज घालवू शकते. हिवाळ्यात सावल्या लांबतात, म्हणून जागेची पाहणी मेमध्ये करून टाकीजवळ पॅनेल बसवणे धोक्याचे. धुळीचे नुकसान त्या मानाने कमी, पण बांधकामे चालू असलेल्या उपनगरांत ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. पाऊस नसताना पॅनेल सकाळी लवकर, काच थंड असताना धुवावेत. बोअरवेलच्या जड पाण्याचे डाग काचेवर राहतात.

एकाच पुणे जिल्ह्यात पावसाळ्याची किती रूपे आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील बारामतीला ५०० च्या आसपास. ऑक्टोबर ते मे या काळात दोन्हीकडचे ऊन जवळपास सारखे असते. जून ते सप्टेंबर मात्र घाटमाथ्यावरचे पॅनेल दिवसेंदिवस धुक्यात असताना बारामती-इंदापूरकडे ढगांच्या फटींतून चांगले ऊन मिळते. शिवाय मुळशीसारख्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात सूर्य घड्याळाच्या आधीच मावळतो.

उष्णता, धूळ, तारा आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलणारे यंत्र) यांच्यात जाणाऱ्या विजेची वजाबाकी केल्यावर पुण्यात एका किलोवॅट क्षमतेमागे दररोज सरासरी चार युनिट हातात पडतात, आणि पॅनेल बसवणारेही हाच ठोकताळा सांगतात. तीन किलोवॅटच्या संचाला सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून वर्षाला ४,४०० युनिटच्या आसपास वीज मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि ही कमाल रक्कम तीन किलोवॅटलाच गाठली जाते, त्यामुळे बंगलेवाल्यांचे गणित सहज जुळते.

सोसायट्यांचे गणित वेगळे आहे. समजा, चाळीस सदनिकांच्या इमारतीची गच्ची ४,००० चौरस फुटांची आहे आणि टाक्या, लिफ्टची खोली व सावल्या वगळून २,५०० चौरस फूट उरतात. तिथे २५ किलोवॅट बसतील, वर्षाला साडेछत्तीस हजार युनिट मिळतील, आणि वाटणी केली तर प्रत्येक घराच्या वाट्याला महिन्याला सुमारे ७६ युनिट येतील. एवढ्यात घराचे बिल शून्यावर येत नाही, पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचा खर्च बऱ्याच अंशी भागतो. इमारत जितकी उंच, तितका हा वाटा लहान होत जातो, मग वरचे ऊन कितीही चांगले असो.