जनावरांचे हेळवी

सुगी संपली की आमच्या बेळगाव-चिकोडी भागात नंदी घेऊन हेळवी येतो. ओसरीवर घोंगडं अंथरलं की चोपडी उघडतो. आजा, पणजा, खापरपणजा, मूळ गाव कुठलं, कुणाची लेक कुठं दिली, सगळं घडाघडा वाचतो. वर्षभरात घरात जन्मलेल्या पोराचं नाव शेवटी लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या दारी जातो.

अशीच चोपडी जगभरची प्राणिसंग्रहालयं ठेवतात. तिला स्टडबुक म्हणतात. दुर्मीळ जातीच्या प्रत्येक जनावराचा क्रमांक, आई-बाप, जन्म, मरण, कुठून कुठं गेलं, सगळं तिच्यात असतं. मंगोलियातला प्रझेवाल्स्कीचा रानघोडा रानातून पार संपला होता. आज आहेत ते सारे पूर्वी पकडून आणलेल्या डझनभर घोड्यांचे वंशज. त्यांची चोपडी प्रागच्या प्राणिसंग्रहालयात आहे. १९९२ पासून ते घोडे पुन्हा मंगोलियात सोडले जाऊ लागले.

डझनभरांतून कळप वाढवायचा, तर भावकीतच सोयरीक करून चालत नाही. एकच सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून उतरलं, तर पिलं अशक्त निपजतात. म्हणून चोपडी सांभाळणारा प्रत्येक जनावराचं उरलेल्या कळपाशी सरासरी नातं किती, याचा हिशेब मांडतो. ज्याचे नातलग कमी, त्याला जोडीदार आधी. आपला शेतकरी धिप्पाड वळू बघूनच गाय दाखवायला नेतो. इथं मात्र नर कितीही देखणा असो, त्याची पोरं भरपूर झाली असली की त्याला थांबवतात. किरकोळ दिसणाऱ्या, एकट्या उरलेल्या म्हाताऱ्या मादीचं रक्त तिथं सोन्याच्या मोलाचं. मला हा हिशेब फार आवडतो.

मग जनावरं देशोदेशी फिरतात. तांबड्या पांडाची चोपडी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला, पण दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात परदेशातून पांडा आले, तिथल्या पांडांच्या वंशात मिसळले आणि तिथं वाढलेल्या काही माद्या सिंगालिलाच्या जंगलात सोडल्या गेल्या.

कळप विखुरण्याचं आणखी एक कारण आम्हा बेळगावकरांना २०२५ च्या नोव्हेंबरात कळलं. भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात काळविटांना घटसर्पाच्या साथीनं गाठलं आणि काही दिवसांत तीसेक काळविटं गेली. तिथं शाळेच्या सहलीनं गेलेल्या पोरांनी ती डौलदार, पिळदार शिंगं जाळीपलीकडून पाहिली होती. काळवीट रानातही आहे, म्हणून जात वाचली. पण जगातला शेवटचा कळप एकाच कुंपणात असता तर?

अरबस्तानातल्या वाळवंटी हरणावर, अरबी ओरिक्सवर, ती वेळ आली होती. १९६२ मध्ये मोजकी जनावरं पकडली, पुढं ती अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेली, तिथून ती अनेक ठिकाणी वाटली. १९७२ मध्ये रानातला शेवटचा ओरिक्स मारला गेला. १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा ओरिक्स सोडले. पुढं चोरटी शिकार सुरू झाली आणि तिथला कळप पुन्हा रोडावला. चोपडी वंश जपते, बंदूक थोपवत नाही.

शिवाय प्रत्येकाची चोपडी होतही नाही. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात बारापेडे गुहा आहेत. रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाचं ठिकाण म्हणून कित्येक वर्षं जगाला या गुहा तेवढ्या ठाऊक होत्या. पुढं मेघालयात आणि कंबोडियात ते सापडलं. लांब कानांचं, पंजात मावेल एवढं हे जनावर कुठल्याही पिंजऱ्यात वाढवलेलं नाही. त्याला अशा गुहा आणि भोवतीचं रान एवढाच आसरा आहे.