विमान, आगगाडी आणि तीन तास

लांबचा प्रवास विमानाने, जवळचा मोटारीने, मग आगगाडी हवी कशाला? 1960च्या सुमारास अनेक देशांत असा सूर होता. 1 ऑक्टोबर 1964 रोजी जपानमध्ये टोकियो-ओसाका शिंकानसेन ही वेगवान रेल्वे सुरू झाली आणि चित्र पालटलं. 515 किलोमीटरच्या या प्रवासाला तिला सुरुवातीला चार तास लागत. वर्षभरातच ते तीन तास दहा मिनिटांवर आले. फ्रान्सने 1981 मध्ये पॅरिस-ल्याँ मार्गावर टीजीव्ही ही आपली वेगवान गाडी आणली. तिचा पहिला नमुना गॅस टर्बाइनवर चालणारा होता. 1973च्या तेलसंकटानंतर तो बेत सोडून वीज निवडली गेली.

पण माझ्या मते ही स्पर्धा खऱ्या अर्थाने कळते ती स्पेनमध्ये. माद्रिद-बार्सिलोना मार्गावर इबेरिया या स्पॅनिश विमानकंपनीने 1974 मध्ये ‘हवाई पूल’ सुरू केला होता. आरक्षणाची गरज नाही. विमानतळावर जा, पुढच्या विमानात बसा. हा मार्ग जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक झाला. फेब्रुवारी 2008 मध्ये वेगवान रेल्वे बार्सिलोनापर्यंत पोचली. 621 किलोमीटरला साधारण अडीच तास. काही वर्षांतच रेल्वेचे प्रवासी विमानापेक्षा जास्त झाले. विमान तासाभरात उतरतं हे खरं, पण विमानतळ गाठणं, तपासणी, सामानाची वाट पाहणं हे सगळं धरलं की तो तास फुगत जातो. गाडी मात्र थेट शहरात नेऊन सोडते. तीनेक तासांपर्यंत रेल्वे वरचढ, हा ठोकताळा यातूनच आला. 2021 पासून त्याच रुळांवर इतर कंपन्यांच्या गाड्या आल्या आणि तिकिटंही उतरली.

हाच हिशेब उलटाही फिरतो. टोकियोहून फुकुओकाला गाडीने सुमारे पाच तास लागतात, आणि फुकुओकाचा विमानतळ मुख्य स्थानकापासून मेट्रोने पाच-सहा मिनिटांवर आहे. तिथे बहुतेक जण विमानच धरतात. बीजिंग-शांघाय या 1,318 किलोमीटरच्या मार्गावर 2011 पासून वेगवान गाड्या आहेत, तरी विमानांची वर्दळ टिकून आहे.

फ्रान्सने 2023 मध्ये, रेल्वेने अडीच तासांत पोचता येत असेल तर देशांतर्गत विमानसेवेला बंदी केली. तिचा फटका पॅरिसच्या ओर्ली विमानतळाहून नाँत, ल्याँ आणि बोर्दोला जाणाऱ्या उड्डाणांना बसला. कायद्याचा गाजावाजा बराच झाला. पण एअर फ्रान्सने ही उड्डाणं 2020 मध्येच, सरकारी मदतीच्या अटीपोटी, थांबवली होती.