पार्श्वभूमी : दादरचा बाजार आणि दीडशे मीटरची रेघ

दादरला खरेदीला निघालेल्या माणसाला घरचे आणि शेजारचे ज्या सूचना देतात, त्या साधारण ठरलेल्या असतात. सकाळी लवकर जा, शनिवार टाळ, सुटे पैसे ठेव, पर्स पुढे घे, सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात कर. आणि एक हमखास: 'रस्त्यावरची वस्तू आवडली तर तिथेच घे, परत येताना घेऊ म्हणशील तर तो माणूस तिथे नसेल.' बाकीच्या सूचना कुठल्याही बाजाराला लागू पडतील. ही शेवटची मात्र मुंबईची आहे, आणि तिच्यामागे चाळीस वर्षांची कोर्टकचेरी आहे.

फार मागे जायचं कारण नाही. 1896च्या प्लेगनंतर दाटीवाटीतली वस्ती उत्तरेकडे हलवायचे बेत आखले गेले, 1898मध्ये त्यासाठी एक सुधार मंडळ स्थापन झालं आणि दादर-माटुंग्याकडे आखीव प्लॉट पडले. पश्चिमेला, तुळशी तलावाचं पाणी आणणाऱ्या नळावरून ज्याला तुळशी पाइप रोड म्हणत, त्या आजच्या सेनापती बापट मार्गालगत गिरण्या होत्या. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे इथे भेटतात. त्यामुळे वसईची बाई सोनचाफ्याची करंडी घेऊन पहाटेच्या लोकलने येऊ शकते आणि डोंबिवलीची नोकरदार बाई संध्याकाळी त्याच पुलावरून भाजी घेऊन जाऊ शकते. इथला बाजार कुणी वसवलेला नाही, तो रेल्वेच्या जिन्याखाली साचत गेला. 'दादर' या शब्दाचा अर्थही जिनाच.

खरी गुंतागुंत सुरू होते 1978पासून. त्या साली महापालिकेने फेरीवाल्यांना नवे परवाने देणं थांबवलं. तेव्हा शहरात असलेले परवाने पंधरा हजारांच्या आसपास होते. चारच वर्षांनी, जानेवारी 1982मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांतला पगार बंद पडला. एका बाजूने परवान्याची खिडकी बंद, दुसऱ्या बाजूने गिरणगावातली माणसं टोपली घेऊन फुटपाथवर. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या एका पाहणीत फक्त महापालिकेच्या जागांवर बसणारे एक लाखाहून जास्त विक्रेते मोजले गेले, आणि त्यांतले बरेच जण आधी गिरणीत किंवा कारखान्यात कामाला होते. रस्त्यावरच्या गर्दीचा सगळा दोष परप्रांतीयांच्या माथी मारणाऱ्यांनी ही पाहणी एकदा तरी वाचावी असं मला वाटतं.

परवाना नाही, पण पैसे घ्यायचे, यावर महापालिकेने काढलेली तोड म्हणजे 'पावती'. जागा अनधिकृतपणे व्यापल्याबद्दल आणि कचरा उचलण्याबद्दल रोजची काही रुपयांची आकारणी, आणि तिचा छापील कागद. कागदावर 'अनधिकृत' लिहिलेलं, खाली महापालिकेचा शिक्का. विक्रेत्यांनी त्यातला शिक्का तेवढा वाचला. काही वर्षांनी ही वसुली बंद झाली, पण त्या चिटोऱ्यांच्या गड्ड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लोकांनी देव्हाऱ्यामागे जपल्या. पुढे सर्वेक्षण आलं तेव्हा 'आम्ही इथे कधीपासून बसतो' याचा पुरावा म्हणून हाच कागद पुढे केला गेला. ज्या कागदाने त्यांना बेकायदा ठरवलं, त्याच्याच आधारावर ते कायद्याकडे गेले.

शब्दाचाही घोळ आहे. 'फेरीवाला' म्हणजे फेरी मारणारा. दादरचा फेरीवाला तीस वर्षं एकाच खांबाला टेकून बसलेला असतो. पुण्यात त्याला पथारीवाला म्हणतात, ते जास्त खरं. 2014च्या केंद्रीय कायद्याने 'पथविक्रेता' हा शब्द आणला, तो अर्जावर राहिला. बाजारात अजूनही 'धंदा लावतो' एवढंच म्हणतात.

आता मथळ्यातल्या त्या रेघेकडे येऊ. फुटपाथवर बसणं हा व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे 1985मध्ये मुंबईच्याच प्रकरणात आला. हक्क आहे पण त्याचं नियमन करता येईल, अशा अर्थाचा तोल तेव्हा धरला गेला आणि फेरीवाला क्षेत्रं आखायला सांगितलं गेलं. क्षेत्रं आखण्यात अठरा वर्षं गेली. डिसेंबर 2003च्या निकालात अटींची यादी आली: एका विक्रेत्याला एक मीटर बाय एक मीटर जागा, रस्त्यावर स्वयंपाक नाही, देवळं-शाळा-रुग्णालयांपासून शंभर मीटर आणि मंडई व रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटर अंतरात विक्री नाही. देवाला वाहायच्या फुलं, नारळ, अगरबत्तीसारख्या वस्तूंना देवळाजवळ सूट होती.

पुढची तेरा-चौदा वर्षं ही अट जवळजवळ कागदावरच होती. ती जिवंत झाली 2017मध्ये. 29 सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. जोराचा पाऊस आला होता, वरून येणारे थांबले होते, खालून लोकलमधून उतरणारे चढत होते. 'फूल पडलं' हे कुणीतरी 'पूल पडला' असं ऐकलं, अशीही एक हकिगत तेव्हा सांगितली गेली. पूल अरुंद होता, ही तक्रार जुनी होती. तरी पुढच्या महिनाभरात बोट वळलं ते फेरीवाल्यांकडे. एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्टेशनांबाहेरचे धंदे उधळले. आणि 1 नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने शंभर आणि दीडशे मीटरची अट पाळलीच पाहिजे असं बजावलं. स्टेशनांबाहेर हद्दीच्या खुणा आखल्या गेल्या.

हा निकाल योग्य की अयोग्य, यावर दादरमध्ये अजून एकमत नाही. दुकानदार भाडं भरतात, कर भरतात आणि त्यांच्या पायरीसमोरच कुणी तोच माल निम्म्या भावात विकतो, तेव्हा त्यांचा संताप खोटा नसतो. चालणाऱ्याला फुटपाथ मोकळा हवा, तोही त्याचा हक्कच. पण दीडशे मीटर म्हणजे किती, हे दादर पश्चिमेला एकदा पावलांनी मोजून बघा. जिना उतरायचा, केशवसुत उड्डाणपुलाखालून निघायचं आणि रानडे रोडकडे चालायचं. दोनशेएक पावलं होईपर्यंत बाजाराचा गाभा संपलेला असतो. छबिलदासची शाळा आहे, कबुतरखान्याशी जैन देरासर आहे, त्यांची शंभर-शंभर मीटरची वर्तुळं काढली की नकाशावर उरते ती वर्तुळांच्या मधली कपची. दाट वस्तीच्या शहरात ही अट तंतोतंत पाळायची म्हणजे बाजार हलवायचा नाही, पुसायचाच. आणि स्टेशनापासून लांब नेऊन बसवलेल्या भाजीवालीकडे सव्वासातच्या अंबरनाथ लोकलची बाई जाणार कशी?

त्यात 2014चा कायदा वेगळंच सांगतो. आधी सर्व विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला हटवू नका. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्या. आणि जागा ठरवणाऱ्या समितीत 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच, निवडून आलेले, असू द्या. 2011च्या जनगणनेने मुंबईचे अडीच टक्के म्हणजे तीन लाखांवर माणसं होतात. 2014च्या सर्वेक्षणात अर्ज आले सुमारे 99 हजार. अधिवासाच्या दाखल्यापासून अनेक अटींची चाळणी लागली, आणि ऑगस्ट 2024मध्ये समितीची निवडणूक अखेर झाली तेव्हा मतदार होते 32 हजारांच्या आसपास. मतदान झालं, पण निकाल न्यायालयीन वादात अडकला. त्याच वर्षी फेरीवालामुक्त करायच्या 20 गर्दीच्या ठिकाणांची यादी न्यायालयापुढे आली. दादर स्टेशनचा परिसर तीत आहे. म्हणजे समिती बसायच्या आधीच जागेचा निर्णय लागत होता.

या सगळ्याचा ग्राहकाशी संबंध काय, तो एकदा जवळून पाहिला की कळतो. डिसिल्वा रोडच्या तोंडाशी केसांचे क्लिप विकणारी एक बाई आहे. तिच्या निळ्या प्लास्टिकच्या चादरीला चारही कोपऱ्यांत नाडी शिवलेली आहे. मी क्लिपांची एक जोडी हातात घेऊन रंग बघत होते, तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून 'गाडी, गाडी' अशी दबकी हाक आली. तिने दोन नाड्या एका हातात, दोन दुसऱ्या हातात घेतल्या आणि ओढल्या. चादरीची गाठोडी झाली, गाठोडी शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली गेली आणि बाई रिकाम्या हातांनी माझ्यासारखीच गिऱ्हाईक असल्यागत उभी. महापालिकेची गाडी पुढे गेली. पाच मिनिटांत चादर पुन्हा अंथरलेली. 'ताई, ती जोडी तुमच्याच हातात राहिली,' ती म्हणाली, 'वीस द्या.' घासाघीस करायचं मला सुचलंच नाही.

पैसे देताना मात्र तिने पाटी पुढे केली, त्यावर क्यूआर कोड. हेही अलीकडचंच. टाळेबंदीनंतर, जून 2020मध्ये पथविक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांपासून सुरू होणारी केंद्राची कर्जयोजना आली आणि तिच्यासोबत डिजिटल व्यवहारांचा आग्रहही. ज्यांच्याकडे ओळखपत्र नव्हतं, त्यांना महापालिकेच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळायची सोय होती. एका खात्याने शिफारस करायची आणि दुसऱ्याने माल उचलून न्यायचा, असं हे चाललं आहे. 'सुटे पैसे ठेव' ही सूचना त्यामुळे थोडी जुनी झाली आहे, तरी गाडीच्या धांदलीत नोटच बरी पडते.

जुन्या झालेल्या सूचना आणखी दोन आहेत. 'सोमवारी जाऊ नको, दादर बंद असतं' ही एक. साप्ताहिक सुट्टीचा जुना नियम डिसेंबर 2017मध्ये लागू झालेल्या नव्या राज्य कायद्याने सैल केला. कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली की दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं. त्यामुळे सोमवारी काही शटर खाली असतात, काही वर, आणि बंद शटरच्या पायऱ्यांवर त्या दिवसापुरता आणखी एक बाजार भरतो. दुसरी सूचना फलाटाची. मध्य रेल्वेचा एक नंबर 9 डिसेंबर 2023पासून आठ नंबर झाला आणि तिथून पुढे चौदापर्यंत आकडे गेले. एक ते सात आता फक्त पश्चिम रेल्वेचे. तेव्हा कल्याणकडून येणाऱ्या मावशीला 'एक नंबरच्या जिन्याशी भेटू' असं सांगितलंत तर ती जुन्या सवयीने एका टोकाला उभी राहील आणि तुम्ही दुसऱ्या.